फाडकन मॅडमची सही

माझ्या आत्याचा हात चालायचा. हे मी आधीच सांगून टाकते, कारण हल्ली तिच्याबद्दल लोक फार गोड बोलतात आणि ते ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणे, फार कडक होत्या. कडक इस्त्री असते. आत्या मारायची. थोबाडीत मारायची, पाठीत धपाटा घालायची, बोटांवर स्टीलची पट्टी ओढायची, आणि समोरचा अठरा वर्षांचा आहे की चाळीस, हे बघत बसायची नाही. विमान शिकायला आलेली मोठी बाप्ये माणसं तिच्या वर्गात दोन्ही हात टेबलाखाली लपवून बसायची. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण शाळेत सगळे तिला फाडकन मॅडम म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि मला वाटतं, आवडायचंही.

विमान शिकवणाऱ्या त्या शाळेत ती नकाशा शिकवायची. विमानं ठेवायच्या हँगरला चिकटून पत्र्याची खोली, आत बारा खुर्च्या, एक लांब टेबल आणि भिंतीवर छतापासून कमरेपर्यंत चिकटवलेला नकाशा. विमानात ती स्वतः कधी बसली नव्हती. तरी तिची सही झाल्याशिवाय कोणताही शिकाऊ एकटा दुसऱ्या विमानतळाला जाऊ शकत नसे. शिकवणारा बरोबर नसताना शंभरेक मैल लांब जायचं, अनोळखी ठिकाणी उतरायचं आणि परत यायचं, ही एक फेरी झाल्याशिवाय परवाना नाही. म्हणजे सगळ्यांच्या नाड्या तिच्या पेनात होत्या. माझ्याही, कारण मीही तिथेच विमान शिकत होते. मी तिच्याकडेच राहायचे, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाली दिवसभर रिमवर घण पडायचे आणि वर आमची भांडणं चालायची. घरी ती आत्या आणि तू, वर्गात मॅडम आणि तुम्ही. मार दोन्हीकडे सारखाच.

नकाशावर प्रत्येक विमानतळाशेजारी नखावर मावेल एवढा मजकूर असतो. नाव, रेडिओवर कुठे बोलायचं तो आकडा, आणि खाली अक्षरं आणि आकड्यांची एक ओळ. विमानतळाचं चिन्ह निळं असेल तर तिथे मनोऱ्यात माणूस बसलेला आहे, त्याला विचारून उतरायचं. किरमिजी असेल तर तिथे कोणी नाही, आपणच ओरडून सांगायचं की बाबांनो, मी येतोय. चिन्हाच्या कडेला बारीक दाते असतील तर इंधन मिळतं. सगळं इतकं बारीक की नवीन माणसाला वाटतं, मुंग्या मेल्यात. मला पहिली थोबाडीत बसली ती आर आणि पी या दोन अक्षरांवरून. मी ऐटीत म्हटलं, "रेडिओ पॉइंट." फाडकन! कान शिट्टी वाजवायला लागला.

"राइट! पॅटर्न!" आत्या माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडली. "सगळीकडे डावीकडून वळून उतरतात. इथे उजवीकडून. तू डावीकडून जाशील आणि समोरून येणाऱ्याच्या नाकात घुसशील. तुझ्या बापाला मी पिशवीतून पाठवू का तुला?"

माझा बाप म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे मी फोनवर रडले तेव्हा त्याने मला आत्याची ती गोष्ट सांगितली, जी तिने स्वतः कधी कोणाला सांगितली नाही.

तरुणपणी आत्या नकाशाच्या सरकारी कचेरीत होती. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर बसून, चिमट्याने एकेक अक्षर उचलून नकाशाच्या पारदर्शक फिल्मवर चिकटवायचं, हे तिचं काम. हात असा स्थिर की साहेब पाहुण्यांना दाखवायला आणायचे. समुद्राजवळच्या एका लहान विमानतळापाशी तिने एक ओळ चिकटवली होती: २८ एल ३१. अर्थ सरळ आहे. जमीन समुद्रापासून अठ्ठावीस फूट उंच, एल म्हणजे रात्री धावपट्टीला दिवे, आणि ३१ म्हणजे पट्टीची लांबी एकतीसशे फूट. शेवटची दोन शून्यं जागेअभावी खाल्लेली असतात. पण धावपट्ट्यांना दिशेवरून आकड्यांची नावं देतात, आणि योग असा वाईट की त्या विमानतळाच्या एकुलत्या एका पट्टीचं एका बाजूने नावही अठ्ठावीसच होतं. आणि जिथे दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात, तिथे डावीला अठ्ठावीस एल म्हणतात, लेफ्टचा एल.

एक शिकाऊ मुलगा एकटा तिथे निघाला. त्याने वाचलं, अठ्ठावीस लेफ्ट. पुढच्या एकतीसचं त्याने काय केलं कुणास ठाऊक, तारीख वाटली असेल. वरून बघितलं तर खरंच शेजारी शेजारी दोन पट्ट्या! उजवीकडची रुंद ती धावपट्टी आणि डावीकडची अरुंद म्हणजे विमानांनी रांगत जायचा रस्ता. पोरगा शहाण्यासारखा डावीवर उतरला. तिथे एक विमान रांगत समोरून येत होतं, आत नवरा बायको. पोराच्या विमानाचा पंखा त्या दोघांच्या काचेतून आत गेला. बाबा म्हणाले, तिघांना वेगळं करायला फावडी लागली.

त्या मुलाचा नकाशा तपासणीसाठी कचेरीत आला. अर्धा जळलेला, अर्धा रक्ताने कडक झालेला, आणि २८ एल भोवती पेन्सिलीने काढलेलं नीटनेटकं वर्तुळ. नकाशा बरोबर आहे की नाही, हे बघायचं काम कोणाकडे आलं? जिने ओळ चिकटवली तिच्याकडेच. नकाशा शंभर टक्के बरोबर होता. कागद झाले, शिक्के झाले, कचेरीने हुश्श केलं, साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. आत्या म्हणाली, "तिथे दिवे नसते तर मला एलच्या जागी आडवी रेघ चिकटवायला लागली असती. मग तो मेला नसता." साहेब म्हणाले, "अहो, चूक त्याची. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" तेव्हा तिने लोखंडी पेपरवेट उचलला आणि काचेचं टेबल फोडलं. मग शेजारचं. तिसरं फोडताना हातात काच घुसली आणि दोघांनी तिला धरलं. पुढच्या महिन्यात ती ह्या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली, की मला नकाशा शिकवू द्या. त्याला सव्वीस वर्षं झाली होती.

हे कळल्यावर मला तिचा मार गोड लागायला लागला, असं मुळीच नाही. गालाला कारण कळत नाही. पण मी फोनवर रडायचं बंद केलं.

आता क्रेनबद्दल. हा माणूस बंदरात क्रेन चालवायचा म्हणून आम्ही त्याला क्रेन म्हणायचो, आणि दिसायचाही तसाच. वय चौतीस, मान जवळजवळ नाहीच. नोकरीवरून वर्षभराची रजा घेऊन आला होता आणि रजेचे शेवटचे दहा दिवस उरले होते. बाकी सगळं त्याचं झालं होतं. अडलं होतं ती एकट्याची फेरी आणि त्यासाठी आत्याची सही. पहिल्यांदा त्याने उंचीला लांबी म्हणून वाचलं आणि बोटांवर पट्टी खाल्ली. दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, पण अडखळत. तिसऱ्यांदा, एका सकाळी दहाच्या वर्गात, आत्याने भिंतीवरच्या नऊ विमानतळांवर पट्टी आपटली आणि त्याने नऊच्या नऊ सांगितले.

"परत ये," आत्या म्हणाली. "पुढच्या आठवड्यात."

"चुकलं काय, मॅडम?"

"पाठ करून आलायस."

"मॅडम, पाठ केलं म्हणजे येतंच ना? चुकलं काय ते दाखवा."

"परत ये म्हटलं ना!"

"तुम्ही चार महिने कोणालाच सोडलं नाहीये! माझी रजा संपत्ये! चुकलं काय?"

आत्याने त्याच्या थोबाडीत मारली. आम्ही सगळ्यांनी सवयीने डोळे मिटले. उघडले तेव्हा क्रेनचा हात मागे गेलेला दिसला, मूठ वळलेली. तसला आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ओलं लाकूड मोडल्यासारखा. साठीची बाई टेबलाच्या कडेवर आपटून खाली पडली. तेवढ्यावर तो थांबला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. त्याने तिला केसांना धरून उचललं, भिंतीकडे फरफटत नेलं आणि तिचं तोंड नकाशावर दाबलं. "दाखव! कुठे चुकलं दाखव! दाखव ना म्हातारे!" एका विमानतळावरून दुसऱ्यावर तो तिचं तोंड घासत होता आणि मागे लाल पट्टा उमटत होता.

आमच्या घरात आधी हात चालतो, मग तोंड. मी तिचीच पट्टी उचलून त्याच्या मानेवर, पाठीवर, जिथे लागेल तिथे हाणली. त्याला डास चावल्याइतकंही कळलं नाही. मग मी त्याच्या पाठीवर चढले आणि त्याचा कान दातांत धरला. धरला तो सोडला नाही. तोंडात रक्ताची चव आली, तरी सोडला नाही. हँगरमधून दोन मेकॅनिक पाने घेऊन धावत आले आणि एकाने त्याच्या गुडघ्यावर पाना घातला, तेव्हा तो खाली बसला आणि लहान मुलासारखा हमसून रडायला लागला. मी कानाचा तुकडा थुंकले. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

आत्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी तो तारेने बांधून टाकला. दीड महिना तोंड उघडायचं नाही, नळीने प्यायचं. पोलीस आले तर तिने मान हलवून त्यांना परत पाठवलं. मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी शाळेचा चीफ, म्हणजे मुख्य शिक्षक, दवाखान्यात येऊन गेला आणि त्याने सरळ सांगितलं की मॅडम मुलांना मारतात अशी क्रेनची तक्रार आहे. खोटी निघाली तर क्रेन आजच्या आज बाहेर. खरी निघाली तर मॅडमचा वर्ग बंद, कायमचा.

तो गेल्यावर आत्याने वही मागितली. तिचं अक्षर अजून छापल्यासारखं होतं. "सांग, मी कोणाला हात लावला नाही."

"आत्या, अख्ख्या शाळेला माहीत आहे. उडणाऱ्या पक्ष्यांनापण माहीत असेल."

"बाकीचे गप्प बसतील. तू घरची. तू म्हणशील ते धरतील."

तिने पुन्हा लिहिलं, आणि ह्यावेळी अक्षर वाकडं झालं. "वर्ग गेला तर मी काय करू?"

सव्वीस वर्षांत तिने मला किंवा कोणालाही असा प्रश्न विचारला नसेल. मी म्हटलं, "बरं. सांगते."

चीफच्या खोलीत क्रेन बसला होता. कानाला पट्टी, गुडघ्याला पट्टी. मला बघून त्याने खुर्ची मागे सरकवली. चीफने विचारलं, "मॅडमनी तुला कधी मारलंय का?"

"नाही."

"इतर कोणाला?"

"कधीच नाही. ह्याला नकाशा येत नाही म्हणून हा आरोप करतोय."

क्रेन उठला. "ही खोटं बोलत्ये! तुझ्या गालावर वळ बघितलेत मी!"

इथे मी थांबायला हवं होतं. चीफ मान डोलवत होता, काम झालं होतं. पण मला त्या माणसाला पुरता चिरडायचा होता. मी म्हटलं, "सर, इथेच होऊन जाऊ दे. भिंतीवरचा नको, तो ह्याला पाठ आहे. दुसऱ्या भागाचा द्या." चीफने कपाटातून न उघडलेला नकाशा काढला. ह्या माणसाने बघितला असणं शक्यच नव्हतं. मी डोळे झाकून एका ठिकाणी बोट ठेवलं.

क्रेन वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग सावकाश, घाई न करता बोलायला लागला. "किरमिजी. मनोरा नाही. उंची बाराशे सहा. एलला चांदणी आहे, म्हणजे दिवे आहेत, पण सगळी रात्र नाहीत, विचारायला लागेल. लांबी चोवीसशे. मला थोडी कमी पडेल उन्हात, भरलेलं विमान असेल तर." तो थांबला. "दाते नाहीत. इंधन मिळणार नाही. आधी भरून घ्यायला लागेल."

एलची चांदणी मला दिसलीच नव्हती. मी दुसरीकडे बोट ठेवलं, तिसरीकडे ठेवलं. तो वाचत गेला. पाठ करून नव्हे. वाचत. आणि वर्गात तो ओरडला होता ते "चार महिने" आता माझ्या डोक्यात घुसलं. चार महिन्यांपूर्वी आत्याने सही दिलेला एक मुलगा लांबच्या विमानतळावर पट्टी संपल्यावर कुंपणात घुसला होता. ब्रेक निकामी झाले होते, नकाशाशी काही संबंध नव्हता, त्याला खरचटलंसुद्धा नाही. त्यानंतर तिने एकही सही केली नव्हती. मला पाच वेळा परत पाठवलं होतं, आणि पाचही वेळा मी घरी जाऊन स्वतःलाच मूर्ख म्हणत बसले होते. मला येत होतं. ह्यालाही येत होतं. बाईला पेन उचलवत नव्हतं आणि ते कबूल करवत नव्हतं, म्हणून हात उचलत होती.

"सर," मी म्हटलं, "मी खोटं बोलले. मारायची. मला, ह्याला, सगळ्यांना. रोज."

न्याय वगैरे काही झाला नाही, हे लिहून ठेवते. आत्याचा वर्ग गेला. एका म्हाताऱ्या बाईचा जबडा फोडणाऱ्या माणसाला चीफने स्वतः सही दिली आणि सांगितलं, दोन दिवसांनी फेरी कर, परवान्याचे कागद घे आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस. मग माझ्याकडे वळून म्हणाला, पुढच्या आठवड्यात तूही जा. ते ऐकून मला आनंद झाला. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

आत्या घरी आली त्याच सकाळी क्रेन उडणार होता. मी तिला सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही, खरं बोलले तेही. ती ऐकत होती. मग तिने पाण्याचा तांब्या फेकून मारला. तो माझ्या भुवईवर लागला आणि डोळ्यात रक्त उतरलं. मग डबा, मग खुर्ची, मग ती स्वतः. तोंड बंद असल्याने तिला ओरडता येत नव्हतं, नुसते तारांमागून फुत्कार येत होते, आणि ती मला बुक्के मारत होती, छातीवर, खांद्यावर, डोक्यावर. खालचे घण थांबले. दुकानवाले वर बघत असणार. मी तिचे दोन्ही हात धरले. धरल्यावर कळलं, त्यात काही जोरच नाही. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. ती हिसके देत राहिली आणि मी तिला भिंतीशी दाबून धरलं, जरा जास्तच जोरात.

"तू घाबरली होतीस!" मी तिच्या तोंडावर ओरडले. "शिस्त नव्हती ती! सव्वीस वर्षं तू घाबरून मारत्येस लोकांना! त्याला येतं, आत्या! मला येतं! आम्ही सगळे काय मरायलाच निघालोय का?"

तिने हात सोडवून घेतला, वही ओढली आणि पेन इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला. "सहीसाठी विकलंस मला."

थोडं खरं होतं ते.

ती खिडकीपाशी जाऊन बसली. मी भुवईला फडकं बांधलं, डबा उचलला, तुटलेली खुर्ची बाहेर ठेवली. दुपार झाली. नळीतून प्यायला काही दिलं तर तिने बघितलंही नाही. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधी बोलणार नाही, जबडा सुटल्यावरही नाही. मी बॅग भरायला घेतली. चार वाजता तिने पेनाने वहीवर टकटक केलं. मी गेले नाही. तिने पुन्हा टकटक केलं. शिवी लिहिली असणार ह्या तयारीने मी गेले आणि वाचलं.

"क्रेन पोचला का?"

सकाळपासून ती त्या खिडकीत ह्यासाठी बसली होती. ज्याने तिचं तोंड भिंतीवर घासलं, ज्याच्यामुळे तिचा वर्ग गेला, त्याच्यासाठी. मी शाळेत फोन लावला. मेकॅनिकने उचलला. मी क्रेनबद्दल विचारलं.

"तिकडे उतरला," तो म्हणाला, "आणि परतही आला. अर्धा तास झाला. का गं?"

मी आत्याला सांगितलं, "जाऊन आला. धड आहे."

मग तिने वही घेतली आणि लिहिलं, "नक्की?" मी मान डोलावली. जबडा तारेने बांधलेल्या माणसाला रडतानाही तोंड उघडता येत नाही. सगळं नाकातून आणि डोळ्यांतून येतं, श्वास कोंडतो, अंग नुसतं गदगदत राहतं. ती गुदमरेल ह्या भीतीने मी तिला पुढे वाकवलं आणि बराच वेळ तिची पाठ चोळत बसले.